गोळीबरोबर तिची माहितीही मिळाली पाहिजे

नैराश्य हा आजार आहे, हे पुण्यातल्या पुष्कळ घरांना आता पटलेलं आहे. याच शहरातल्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या नैराश्यावरच्या चित्रपटाला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं. दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, व्याख्यानं होतात, लेख छापून येतात आणि सगळ्यांचं सांगणं एकच असतं: लाजू नका, डॉक्टरांकडे जा. सल्ला योग्यच आहे, पण तो डॉक्टरांच्या दाराशी संपतो. माणूस आत जातो, चिठ्ठी घेऊन बाहेर येतो, दुकानातून पंधरा दिवसांच्या गोळ्या घेतो आणि तिथून पुढे एकटा पडतो. तिसऱ्या दिवशी मळमळायला लागतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, आधीच अस्वस्थ असलेलं मन आणखी अस्वस्थ होतं. हे गोळीमुळे होतंय की आजारच वाढलाय, ते कळत नाही आणि विचारायचं कुणाला तेही ठाऊक नसतं. मग कित्येक जण सुचेल ते करतात, गोळी बंद करतात. या औषधांचे दुष्परिणाम कसे निभावायचे हा प्रश्न आपण रुग्णाच्या सहनशक्तीवर सोडून दिला आहे आणि माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे. दुष्परिणाम आधी सांगणं, रुग्णाला कळेल अशा मराठीत सांगणं आणि कशावर काय करायचं ते ठरवून देणं हा उपचाराचाच भाग आहे. तो गाळला की उपचार अर्धवट राहतो.

या औषधांची अडचण अशी की त्यांचा त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो. आज सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या गोळ्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं, म्हणून पहिली कुरकुर पोट करतं: मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना जाणं. सोबत डोकेदुखी, घाम, हातांची थरथर, झोप उडणं किंवा उलट दिवसभर गुंगी. यातलं बरंचसं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. मनावरचा गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो आणि पुरता कळायला कधी सहा आठवडे लागतात. म्हणजे पहिला पंधरवडा निव्वळ तोट्याचा वाटणार. ज्याला हे आधी सांगितलंय तो कॅलेंडरवर खूण करून वाट पाहील. ज्याला सांगितलेलं नाही त्याला वाटेल की आपल्याला हे औषध मानवत नाही. उपाय साधे असतात. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी, म्हणजे उपासाच्या दिवशीही पोटात काही तरी असावं. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. सुरुवात अर्ध्या डोसने करता येईल का, हेही विचारावं. आपल्याकडे वैद्याकडून पुडी घेताना माणूस पथ्य विचारल्याशिवाय उठत नाही. तोच माणूस मानसोपचारतज्ज्ञासमोर मुकाट बसतो, कारण आपण इथे आलोय हे कुणाला कळू नये याच काळजीने तो दबलेला असतो. म्हणून इथे विचारण्याची वाट न पाहता सांगितलं पाहिजे.

काही गोष्टी मात्र वाट पाहण्याच्या नसतात, आणि त्या न सांगणं धोक्याचं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला: उपचाराच्या सुरुवातीला आणि डोस बदलताना काही तरुणांमध्ये बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात जवळच्यांनी लक्ष ठेवावं. पुण्यात या वयाची किती तरी मुलं स्पर्धा परीक्षांसाठी पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आई-वडील जवळ नसतात आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाला गोळीचा पत्ताच नसतो. दुसऱ्या टोकाला या शहरातले वृद्ध आहेत. मुलं परदेशी, घरात नवरा-बायको किंवा एकटाच जीव, आणि रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू. त्या गोळीत लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारं औषध मिसळलेलं असेल आणि वर नैराश्याची गोळी सुरू झाली, तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मग तोल जातो, बोलण्यात विसंगती येते, माणूस सुस्त होतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. साध्या रक्ततपासणीत कळणारी ही गोष्ट आहे. सांधेदुखीसाठी वेदनाशामक किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, तेही सांगायला हवं. हे सगळं सांगायला फार वेळ लागत नाही. लागते ती सांगण्याची सवय.

माहिती दिल्याने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर अभ्यासांत आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या १९९५ सालच्या एका अभ्यासात नैराश्याचं औषध सुरू केलेल्यांपैकी २८ टक्क्यांनी पहिल्याच महिन्यात आणि ४४ टक्क्यांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत ते सोडलेलं आढळलं. गोळी रोज घ्यायची, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी चालू ठेवायची, न विचारता बंद करायची नाही, शंका आली तर काय करायचं, एवढ्या पाच साध्या गोष्टी ज्यांना सांगितल्या होत्या ते पहिल्या महिन्यात अधिक टिकले. २००२ साली ‘जामा’ या नियतकालिकात आलेला कॅलिफोर्नियातला अभ्यास आणखी बोलका आहे. तिथल्या ७२ टक्के डॉक्टरांचं म्हणणं होतं की आपण रुग्णाला निदान सहा महिने औषध घ्यायला सांगतो. रुग्णांपैकी ३४ टक्क्यांनीच तसं ऐकल्याचं सांगितलं आणि ५६ टक्के म्हणाले, किती दिवस घ्यायचं याबद्दल काहीच सांगितलं नाही. डॉक्टर खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. नैराश्यात लक्ष लागत नाही, ऐकलेलं टिकत नाही. तोंडी सांगितलेलं दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत पुसलं जातं. म्हणून हातात कागद हवा. याच अभ्यासात दिसलं की दुष्परिणामांबद्दल डॉक्टरांशी बोललेल्या रुग्णांमध्ये उपचार सोडून देण्याचं प्रमाण कमी होतं. त्रास झाला तर ते औषध बदलून घेत, उपचार चालू राही.

लैंगिक दुष्परिणामांबद्दलची शांतता तर सर्वांत जड आहे. इच्छा कमी होणं, उत्तेजना न येणं, तृप्तीला फार वेळ लागणं किंवा ती न मिळणं हे या औषधांत वारंवार घडतं, आणि मळमळीसारखं ते आपोआप ओसरेलच असं नाही. स्पेनमधल्या १९९७ सालच्या एका अभ्यासात आपणहून अशी तक्रार करणारे १४ टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर तो आकडा ५८ टक्क्यांवर गेला. हे स्पेनमधलं. आपल्याकडे नवविवाहितेने किंवा पन्नाशीच्या गृहस्थाने हे आपणहून सांगावं अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे न सांगण्याची सोय करून देणं आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू करून या विषयावर सरळ मराठीत लिहिलं, त्याला शतक होत आलं, आणि अजूनही दवाखान्यात या प्रश्नासाठी रुग्णाला शब्द सापडत नाहीत आणि डॉक्टरांना वेळ. परिणाम घरात दिसतो. जोडीदाराला वाटतं, आपल्यातलं मन उडालं. रुग्णाला वाटतं, आजार आणखी खोल गेला. गोळी मुकाट्याने बंद होते आणि डॉक्टरांना कारण कधीच कळत नाही. डोस कमी करणं, मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनसारखं हा त्रास तुलनेने कमी देणारं औषध निवडणं, असे मार्ग उपलब्ध आहेत. ते वापरायचे तर आधी प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो डॉक्टरांनी विचारला पाहिजे.

इथवर मी हिताची गोष्ट केली, आता हक्काची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आजाराचं स्वरूप, प्रस्तावित उपचार आणि त्या उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे. ती माहिती त्याला समजेल अशा भाषेत आणि स्वरूपात द्यायची, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. या कायद्याच्या मसुद्याचं काम पुण्यात, इंडियन लॉ सोसायटीशी जोडलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे आणि विधी महाविद्यालयाच्या डॉ. जया सागडे यांच्या हातून मोठ्या प्रमाणावर झालं. रुग्णाला स्वतःच्या उपचारांत आवाज असावा म्हणून भार्गवी दावर यांनी बापू ट्रस्ट उभा केला तोही याच शहरात. येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय देशातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक, आणि ससूनचा मानसोपचार विभाग शहरासोबत आसपासच्या जिल्ह्यांचाही आधार. ज्या शहरात हा कायदा घडला, तिथे तो चिठ्ठीच्या कागदापर्यंत पोचू नये हे मला खटकतं. कायदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दाखल करण्याचे अर्ज आणि पुनर्विलोकन मंडळं येतात. पण बहुसंख्य रुग्ण कधी दाखल होतच नाहीत. बाह्यरुग्ण विभागात किंवा खासगी दवाखान्यात पाच-दहा मिनिटं बसून ते घरी जातात, आणि त्यांच्यासाठी या कायद्यातलं सर्वांत कामाचं कलम हेच आहे.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो गंभीर आहे: दुष्परिणामांची यादी वाचून रुग्ण घाबरतो, आणि घाबरला की तेच त्रास त्याला जाणवू लागतात. हे खरं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असं दिसलं की जुन्या, अधिक त्रासदायक मानल्या गेलेल्या ट्रायसायक्लिक औषधांच्या चाचण्यांत, ज्यांना औषधच नसलेली नकली गोळी दिली होती त्यांनीही, नव्या औषधांच्या चाचण्यांतल्या नकली गोळीवाल्यांपेक्षा जास्त तक्रारी केल्या. अपेक्षेने त्रास घडतो. पण यातून निघणारा निष्कर्ष गप्प बसण्याचा नाही. रुग्णाच्या हातात मोबाइल आहे; तुम्ही सांगितलं नाही तर रात्री अकरा वाजता तो गोळीचं नाव टाकून शोधणार, आणि त्याला जे सापडेल त्यात किरकोळ मळमळ आणि दुर्मीळ झटके एकाच रांगेत उभे असतील. भीती तिथे तयार होते. सांगण्याची पद्धत वेगळी हवी: कोणता त्रास नेहमीचा, कोणता क्वचित, कोणता किती दिवसांत जातो, कशावर घरीच उपाय होतो आणि कशासाठी त्याच दिवशी फोन करायचा. निम्म्याहून अधिक लोकांना पहिल्या पंधरवड्यानंतर फारसा त्रास राहत नसेल, तर तेही त्याच वाक्यात सांगता येतं. माहितीला क्रम आणि प्रमाण असलं की ती धीर देते.

दुसरा आक्षेप वेळेचा. सरकारी बाह्यरुग्ण विभागातली गर्दी पाहिलेल्या कुणालाही तो खोटा म्हणता येणार नाही. पण हे काम एकट्या डॉक्टराने करायचं हे कुणी ठरवलं? फार्मसी प्रॅक्टिस नियमावली, २०१५ नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टने औषध देताना रुग्णाचं समुपदेशन करायचं आहे, त्यात दुष्परिणामांची आणि चुकलेल्या डोसची माहिती येते. प्रत्यक्षात दुकानदार खोक्यातून पत्ता काढतो, हव्या तेवढ्या गोळ्या कापून देतो. माहितीपत्रक असलंच तर ते खोक्यातच राहतं, आणि ते इंग्रजीत, डॉक्टरांसाठी लिहिलेलं असतं. युरोपीय समुदायाने १९९२ सालीच प्रत्येक औषधासोबत रुग्णाला कळेल असं, त्या-त्या देशाच्या भाषेतलं पत्रक सक्तीचं केलं. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड आला, पण तो नाव, बॅच, उत्पादक आणि मुदत सांगतो, बनावट औषध ओळखायला मदत करतो. गोळी घेतल्यावर अंगाला काय होईल, हे तो सांगत नाही. त्याच कोडमागे मराठी पत्रक ठेवायला तांत्रिक अडचण कोणती? शहरात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कायद्याचं केंद्र आहे. दहा नेहमीच्या औषधांची दहा मराठी पत्रकं तयार करून महापालिकेच्या दवाखान्यांत आणि केमिस्टच्या काउंटरवर ठेवणं हे एखाद्या उड्डाणपुलाच्या खर्चाचं काम नाही. आणि औषध सुरू केल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी एक फोन, परिचारिकेने किंवा समुपदेशकाने केलेला, हा माझ्या मते पत्रकापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण गोळी सुटते ती साधारण याच दिवसांत.

गोळी सोडण्याबद्दल तर आपण रुग्णांशी सरळ बोललेलोच नाही. ‘एकदा लागली की सुटत नाही’ हा लोकांचा समज, आणि ‘या गोळ्यांची सवय लागत नाही’ हे डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर. दोन्ही अपुरी आहेत. दारू किंवा काही झोपेच्या गोळ्यांसारखी ओढ या औषधांची लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागतो असंही नाही. पण शरीर त्यांना सरावतं, आणि अचानक थांबवलं तर गरगरणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, भयंकर स्वप्नं, रडू येणं असे त्रास होतात. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ साली भूमिका बदलून मान्य केलं की काहींना हा त्रास तीव्र आणि लांबणारा असतो. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार रुग्णांचं विश्लेषण आलं. औषध थांबवलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवली, पण नकली गोळी थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना जाणवली. म्हणजे औषधामुळे होणारा खरा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. हे आकडे घाबरवणारे नाहीत, तसे झटकून टाकण्याजोगेही नाहीत. गणपतीला कोकणात गेलेला माणूस गोळ्या पुण्यात विसरला आणि चौथ्या दिवशी त्याचं डोकं गरगरायला लागलं, तर त्याला आणि घरच्यांना वाटतं, आजार उलटला. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून झपाट्याने जातात, त्यामुळे त्यांचा त्रास लवकर उठतो. फ्लुओक्सेटिन सावकाश जातं. कमी करताना शेवटचे छोटे डोस सर्वांत सावकाश उतरवावे लागतात, कारण मेंदूवरचा परिणाम डोसच्या प्रमाणात सरळ उतरत नाही, तळाशी तो एकदम घसरतो. पहिल्या खेपेच्या नैराश्यात बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. ते कधी आणि कसं उतरवायचं, याचा आराखडा सुरुवातीलाच मिळाला तर ‘कायमचं मागे लागेल’ ही धास्ती उरणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. दुष्परिणामांचा एवढा बोभाटा केला तर ‘या गोळ्या म्हणजे विष, प्राणायाम करा’ म्हणणाऱ्यांचंच फावेल, असं काही संवेदनशील डॉक्टर म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं, तेव्हा त्यांची काळजी रास्त आहे. गोळ्या उपयोगाच्या आहेत का, यावर २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांचं विश्लेषण आलं, तपासलेली सर्व २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फायदा मध्यम आहे, सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन पुरतं, आणि ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं’ हे सोपं स्पष्टीकरण पुराव्यावर टिकत नाही असं २०२२ सालच्या आढाव्याने दाखवलं. हे सगळं एकाच वेळी खरं आहे आणि वाचकाला ते पेलतं. औषध कसं काम करतं याचं जुनं उत्तर डळमळीत झालं, म्हणून ते काम करतं हे मोजमाप रद्द होत नाही. अपप्रचाराला बळ मिळतं ते लपवण्यातून. ज्याला आधी काही सांगितलं नव्हतं आणि नंतर त्रास झाला, तो रुग्ण आयुष्यभर शेजारपाजाऱ्यांना या गोळ्यांपासून दूर राहायला सांगतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पत्रकं आणि फोन येतील तेव्हा येतील. तोवर चिठ्ठी घेऊन उठण्याआधी रुग्णाने किंवा सोबत आलेल्या घरच्या माणसाने विचारावं: पहिल्या दोन आठवड्यांत काय होईल, गुण कधी दिसेल, माझ्या चालू असलेल्या गोळ्यांशी याचं जमतं का, वजनावर आणि शरीरसंबंधांवर काय परिणाम होतो, एखादा दिवस गोळी चुकली तर काय करायचं, आणि ही गोळी कधी, कशी उतरवणार. उत्तरं तिथेच लिहून घ्यावीत. वाटेत त्रास झाला आणि डॉक्टर सापडले नाहीत तर गोळी बंद करण्याआधी टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू लागलं तर त्याच क्षणी फोन करावा आणि जवळच्या माणसाला सांगावं. औषधाचा दुष्परिणाम झाला तर त्याची नोंद रुग्ण स्वतः राष्ट्रीय औषध सुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करू शकतो, त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे. तो अर्ज पुण्यातल्या किती दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेला आहे, हे आरोग्य खात्याने एकदा फिरून पाहावं.